मणक्याच्या ऑपरेशनचे ‘चांगले हत्यार’ म्हणजे नेमके कोणते?

‘‘डॉक्टर, तुमच्याकडे लेसर आहे का?’’
‘‘मुंबईला रोबोटने करतात म्हणे. तुम्ही हातानेच करता का?’’
‘‘टाका किती मोठा येईल? दुर्बिणीने होणार नाही का?’’

मणक्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की ओपीडीत हे प्रश्न हमखास येतात. त्यात चूक काही नाही. पाठीवर ऑपरेशन करून घ्यायचे म्हणजे पोटात गोळा येणारच, आणि जाहिरातीत जे दिसते त्याबद्दल माणूस विचारणारच. पण इतक्या वर्षांत एकाही पेशंटने मला विचारले नाही, ‘‘डॉक्टर, तुमच्या हत्यारांना धार आहे ना?’’

हा प्रश्न पेशंटने विचारायचा नाहीच, तो आम्ही डॉक्टरांनी स्वतःला विचारायचा. तरीही ऑपरेशन सुखरूप होते की नाही, हे कित्येकदा मोठ्या मशीनपेक्षा अशा साध्या गोष्टीवर ठरते. आजचा लेख या हत्यारांविषयी आहे. माहिती देणारच आहे, पण त्याबरोबर माझे एक ठाम मतही मांडणार आहे.

काम किती जागेत चालते?

आपल्या पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते आणि मणक्यांच्या मागच्या बाजूने एक हाडाची नळी वरपासून खालपर्यंत जाते. या नळीत मज्जारज्जू असतो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि तिथून खाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा जुडगा सुरू होतो. या सगळ्याभोवती ‘ड्युरा’ नावाचे एक आवरण असते आणि त्याच्या आत पाणी असते. नसा त्या पाण्यात तरंगत असतात.

आता मापे बघा. कमरेतली ही नळी पुढून मागे १० मिलिमीटरपेक्षा कमी झाली की ती फारच अरुंद झाली असे आम्ही म्हणतो. ड्युरा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. वय वाढले की नळीच्या मागच्या भिंतीवरचा पिवळा पट्टा (लिगामेंटम फ्लेव्हम) जाड होतो, सांध्यांची हाडे फुगतात आणि आतल्या नसा आवळल्या जातात. मग पाच मिनिटे चालले की पाय भरून येतात, बसावे लागते, वाकून उभे राहिले की बरे वाटते. सायकल चालवता येते, पण बाजारापर्यंत चालत जाता येत नाही.

ऑपरेशनमध्ये आम्ही हे जाड झालेले हाड आणि पट्टा काढून नसांना जागा करून देतो. सांगायला सोपे आहे. पण जे काढायचे आणि ज्याला धक्काही लावायचा नाही, त्या दोन गोष्टी एकमेकींना अगदी चिकटून असतात. कधी कधी तर खरोखरच चिकटलेल्या असतात.

कंडक्टरचा पंच

या कामासाठी जगभर वापरले जाणारे सगळ्यात नेहमीचे हत्यार म्हणजे केरिसन पंच. एसटीचे जुने कंडक्टर आठवतात? तिकिटाला भोक पाडणारा त्यांचा तो टकटक वाजणारा पंच? केरिसनचे तत्त्व जवळपास तेच. लांब दांड्याच्या टोकाला एक छोटीशी ‘टाच’ असते. ही टाच हाडाखाली सरकवायची. मूठ दाबली की वरची पट्टी पुढे सरकते आणि टाच व पट्टी यांच्यात सापडलेला हाडाचा तुकडा कापला जातो. तो बाहेर काढायचा, सिस्टर तो पुसून घेतात, पुन्हा पंच आत. १ मिलिमीटरपासून ५-६ मिलिमीटरपर्यंत रुंदीचे पंच मिळतात. दोन-तीन मणक्यांचे ऑपरेशन असेल तर ही मूठ शंभर-दीडशे वेळा सहज दाबली जाते.

हाडाखाली सरकवली जाणारी ती टाच ड्युराला घासूनच जाते. म्हणून ती जितकी पातळ तितकी नसांना कमी दाब. पण फार पातळ केली तर कडक हाडावर वाकते किंवा तुटते. म्हणजे पातळपणा आणि मजबुती यांची ओढाताण. मणक्याच्या हत्यारांची रचना करणाऱ्यासमोर अशी ओढाताण प्रत्येक ठिकाणी असते. टोक धारदार हवे, पण नसेला लागायला नको. दांडा लांब हवा, पण टोकाला काय लागतेय ते बोटांना कळायला हवे. पकड घट्ट हवी, पण हात दुखायला नको. ज्याने ही ओढाताण नीट सोडवली, त्याचे हत्यार चांगले.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. साठी ओलांडलेल्या एक मावशी आल्या होत्या. आयुष्यभर शेतात राबलेल्या. नळी अरुंद झाल्यामुळे बांधापर्यंतही चालता येत नव्हते. ऑपरेशन सुरू झाले, वरचा भाग मोकळा झाला. शेवटच्या कोपऱ्यातले हाड काढताना मी ३ नंबरचा पंच दाबला. तुकडा कापला गेल्यासारखा वाटला, पण पंच बाहेर घेताना किंचित ओढ लागली. आणि स्वच्छ पाणी वर आले. ड्युरा फाटला होता.

असे होऊ शकते, हे आम्ही संमतीपत्रात लिहितो आणि तोंडीही सांगतो. अमेरिकेत १३ केंद्रांवर झालेल्या ‘स्पोर्ट’ नावाच्या मोठ्या अभ्यासात अरुंद नळीच्या पहिल्या ऑपरेशनांत सुमारे ९ टक्के आणि गादीच्या ऑपरेशनांत सुमारे ३ टक्के रुग्णांमध्ये ड्युरा फाटल्याची नोंद आहे. तो नीट शिवला तर पुढच्या काही वर्षांत या रुग्णांची तब्येत बाकीच्यांइतकीच चांगली राहिली, असेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणून वाचकांनी घाबरून जाऊ नये. आम्हीही बारीक दोऱ्याने तो शिवला. मावशींना दोन दिवस सपाट झोपवून ठेवावे लागले, डोके दुखले, तिसऱ्या दिवशी घरी जायच्या त्या सातव्या दिवशी गेल्या. त्यांच्या मुलीचा चार दिवसांचा रोज बुडाला. काय झाले ते मी दोघींना त्याच संध्याकाळी समजावून सांगितले. मावशी पुढे छान चालू लागल्या.

पण लेखात ही गोष्ट सांगण्याचे कारण वेगळे आहे. ऑपरेशन संपल्यावर हात धुताना आमच्या स्क्रब सिस्टर हळूच म्हणाल्या, ‘‘सर, तो तीन नंबर तोडत नाही, ओढतो. मी मागच्या महिन्यातच सांगितलं होतं.’’

त्यांनी सांगितले होते, हे खरे. आणि मी म्हणालो होतो, ‘‘सध्या चालवून घ्या.’’ त्याच महिन्यात मी एका महागड्या मशीनची माहितीपत्रके चाळत होतो, त्याच्या हप्त्यांचा हिशोब करत होतो. आणि हाताशी असलेल्या बोथट पंचाकडे बघायला मला वेळ नव्हता.

धारदार पंच असता तर ड्युरा फाटलाच नसता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तो चिकटलेला होता आणि चिकटलेला ड्युरा उत्तम हत्यारानेही फाटतो. पण मी मावशींना मिळायला हवी होती तेवढी काळजी दिली नव्हती, हे मला ठाऊक आहे. त्या दिवसापासून ‘चांगले हत्यार’ या शब्दाकडे बघण्याची माझी नजर बदलली.

चांगली हत्यारे कशी जन्माला आली?

मणक्याच्या ऑपरेशनांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. टिकलेले प्रत्येक हत्यार कुठल्यातरी नेमक्या अडचणीतून आले आहे.

१९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले की पायात जाणारी कळ ही कित्येकदा सरकलेल्या गादीने नस दाबल्यामुळे येते आणि ती गादी काढली तर कळ जाते. तेव्हा जखम मोठी असायची, कारण आत नीट दिसायला हवे. १९७७ मध्ये जर्मनीत कास्पार आणि झुरिकमध्ये यासरगिल यांनी हेच ऑपरेशन सूक्ष्मदर्शकाखाली करण्याची पद्धत आपापल्या लेखांतून मांडली. उजेड चांगला, सगळे मोठे दिसते, त्यामुळे जखम लहान झाली.

पण लगेच नवी अडचण आली. सूक्ष्मदर्शकातून खाली बघताना सर्जनचा स्वतःचाच हात मध्ये येऊ लागला! म्हणून हत्याराच्या दांड्याला बंदुकीच्या संगिनीसारखी दुहेरी वळणे देतात. त्यामुळे हात बाजूला राहतो आणि टोक नजरेच्या रेषेत येते. चकचकीत स्टीलवरून उजेड परावर्तित होऊन डोळे दिपतात, म्हणून काही हत्यारे काळी किंवा मंद रंगाची केली जातात. या सुधारणांची जाहिरात कुणी बघितली नसेल, पण त्यांच्यामुळे सर्जनला नस स्पष्ट दिसते.

१९९७ मध्ये अमेरिकेत फोली आणि स्मिथ यांनी नळीतून ऑपरेशन करण्याची पद्धत आणली. स्वयंपाकघरात एकात एक बसणारे डबे असतात तशा, वाढत्या मापाच्या नळ्या एकीवर एक घालत स्नायू कापण्याऐवजी बाजूला सारायचा आणि साधारण दोन सेंटिमीटर रुंदीच्या नळीतून काम करायचे. कल्पना सुरेख आहे. योग्य पेशंटमध्ये मीही ती वापरतो.

नवे म्हणजे आपोआप चांगले का?

इथे मला थोडे थांबून बोलायचे आहे, कारण इथेच पेशंटची सर्वांत जास्त दिशाभूल होते.

नळीची पद्धत आल्यावर सगळ्यांना वाटले, टाका लहान, स्नायू कमी दुखावला, म्हणजे पेशंट लवकर आणि जास्त बरा होणार. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी हे पारखून बघायचे ठरवले. ३२८ पेशंट घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काहींचे ऑपरेशन नळीतून आणि काहींचे नेहमीच्या पद्धतीने केले. २००९ मध्ये निकाल छापून आला. वर्षभरानंतर दैनंदिन हालचालींत नळीवाल्यांचा काही फायदा दिसला नाही. उलट पाय आणि कमरेच्या दुखण्यात नेहमीच्या पद्धतीचे पेशंट किंचित पुढेच होते. याचा अर्थ नळी वाईट असा नाही. अर्थ एवढाच की त्वचेवरचा टाका किती लहान यावरून आतले काम किती चांगले झाले हे ठरत नाही.

दुसरे उदाहरण त्याहून जुने. अमेरिकेतील ह्यूस्टनमध्ये पोलिओमुळे पाठ वाकडी झालेली अनेक मुले होती. त्यांचे श्वासाचे स्नायू कमजोर, त्यामुळे अंगभर प्लॅस्टर घालून पाठ सरळ करणे त्यांना सोसत नसे. पॉल हॅरिंग्टन या डॉक्टरांनी त्यांच्यासाठी धातूचा दांडा आणि आकडे तयार केले, वापरत वापरत सुधारले आणि १९६२ मध्ये त्यांचे अनुभव प्रसिद्ध केले. वाकड्या पाठीच्या उपचारात हा फार मोठा टप्पा होता. पण दांडा कमरेत खूप खालपर्यंत बसवलेल्या काही रुग्णांमध्ये कमरेचा नैसर्गिक बाक निघून गेला, पाठ सपाट झाली आणि त्यांना सरळ उभे राहणे कठीण होऊ लागले. हा दोष पहिल्या दिवशी कुणाला दिसला नव्हता. तो वर्षानुवर्षे पेशंट तपासत राहिल्यावर दिसला, आणि त्यातूनच पुढची चांगली साधने तयार झाली.

मग नवीन तंत्रज्ञानाला विरोध आहे का? मुळीच नाही. आज हाड कापणारे अल्ट्रासॉनिक हत्यार मिळते. त्याचे पाते सेकंदाला बावीस हजारांहून जास्त वेळा थरथरते. प्लॅस्टर कापायचे यंत्र तुम्ही बघितले असेल. ते कडक प्लॅस्टर कापते, पण खालची मऊ त्वचा त्याच्याबरोबर हलते म्हणून सहसा कापली जात नाही. याचे तत्त्व काहीसे तसेच आहे. पण त्याने उष्णता निर्माण होते, पाण्याची धार सतत लागते, आणि एका जागी दाबून धरले तर ड्युराला इजा होऊ शकते. रोबोटचेही तसेच. मणक्यात स्क्रू कुठल्या दिशेने घालायचा ती वाट तो दाखवतो आणि अवघड, वाकड्या मणक्यात त्याचा उपयोग होतो. पण ऑपरेशन करावे की नाही हे रोबोट ठरवत नाही आणि नसेवरचा दाबही तो आपणहून काढत नाही. साध्या सरकलेल्या गादीसाठी स्क्रूच लागत नाही, मग रोबोट कशाला?

माझे मत सांगतो. एखादे हत्यार सुधारलेले आहे असे म्हणायचे असेल तर तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत. त्याने नेमकी कोणती चूक किंवा इजा कमी होते? ती खरोखर कमी झाली हे कुणी मोजले आहे का? आणि ते ज्या हातात जाणार, ज्या दवाखान्यात जाणार, तिथे ते नीट वापरता आणि राखता येईल का? ही तिन्ही उत्तरे नसतील तर ते फक्त नवे हत्यार आहे. सुधारलेले नव्हे.

हात कुणाचा आणि हत्यार कुणासाठी?

सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रांचा उल्लेख आहे आणि त्यात सर्वांत प्रमुख यंत्र म्हणून हाताला मान दिला आहे. मला हे फार आवडते. कारण हत्यार कितीही उत्तम असले तरी ते हाताला जोडले गेल्यावरच कामाला येते.

पण सगळ्यांचे हात सारखे कुठे असतात? सर्जनचे हातमोजे ६ नंबरपासून साडेआठ नंबरपर्यंत असतात. पंचाची मूठ मात्र बहुधा एकाच मापाची. माझ्याबरोबर काम केलेल्या एका तरुण सर्जन मॅडमचा मोजा ६ नंबरचा. मोठा पंच पूर्ण उघडला की त्यांची बोटे मुठीच्या टोकापर्यंत जेमतेम पोहोचत. मग दोन्ही हातांनी दाबायचे. दुसरा हात तिकडे गेला की सक्शन कोण धरणार? हा त्यांच्या कौशल्याचा दोष नव्हता, मुठीचा होता. आता मणक्याच्या शाखेतही मुली येत आहेत, आणि लहान हातांचे पुरुष सर्जन तर पहिल्यापासूनच आहेत. तरी मुठीच्या मापाकडे दुर्लक्ष होते. अंगठा आणि मनगट दुखण्याची तक्रार मणक्याच्या सर्जनमध्ये नवी नाही. आणि दुखणाऱ्या हाताने शंभरावा तुकडा काढताना पेशंटचीही जोखीम वाढते.

धुता येते का?

हत्याराची रचना फक्त ऑपरेशन टेबलापुरती नसते. ते नंतर धुवावे लागते, वाफेवर निर्जंतुक करावे लागते. केरिसनच्या दोन पट्ट्या एकमेकींवर सरकतात. त्यांच्या मधल्या खाचेत रक्त आणि हाडाचा भुगा जाऊन बसतो. बाहेरून चकाचक, आत मात्र घाण, असे होऊ शकते. आणि घाण राहिली तर १३४ अंशांच्या वाफेचाही पुरेसा उपयोग होत नाही, कारण आधी स्वच्छ झालेलीच वस्तू नीट निर्जंतुक होते.

म्हणून सुटे होणारे पंच आले. एक कळ दाबली की वरची पट्टी वेगळी होते आणि ब्रशने घासून धुता येते. माझ्या मते गेल्या काही दशकांतील मणक्याच्या हत्यारांमधली ही एक मोठी सुधारणा आहे, आणि तिचे नाव कुठल्याही जाहिरातीत नाही. आमच्याकडे हत्यारे धुणारे मामा तर म्हणाले, ‘‘साहेब, हा पंच आणलात ते बरं केलंत. आधीच्याला सुईने टोकरत बसायचो.’’ पूर्वी मी त्यांना कधी विचारलेच नव्हते.

हे कुणी करायचे?

सियालकोट हे शहर आज शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी जगप्रसिद्ध आहे. तिथल्या या धंद्याची सुरुवात इंग्रजांच्या काळात मिशन हॉस्पिटलची मोडकी हत्यारे दुरुस्त करणाऱ्या स्थानिक कारागिरांपासून झाली, असे सांगतात. आपल्या जयपूर फूटचेही तसेच. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि प्रमोद करण सेठी हे डॉक्टर एकत्र आले, म्हणून मांडी घालून बसता येईल, शेतात अनवाणी चालता येईल असा कृत्रिम पाय तयार झाला. डॉक्टरला अडचण कळते, पण धातू किंवा रबर कसे वागते ते कळत नाही. कारागिराला ते कळते, पण अडचण दिसत नाही.

महाराष्ट्रात अशी सोय आहे. २०१४ मध्ये मुंबईच्या आयआयटीत राज्य सरकारच्या मदतीने ‘बेटिक’ हे केंद्र सुरू झाले, तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर मिळून वैद्यकीय साधने तयार करतात. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी हेही त्यात जोडले गेले. कायद्याची चौकटही आहे. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि त्यात उपकरणांचे धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग केले आहेत. उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रमही २०१५ पासून सुरू आहे. डॉक्टर, नर्स, आणि पेशंटसुद्धा त्यात तक्रार नोंदवू शकतात.

पण चौकट असून उपयोग नाही, जर आम्ही तक्रार लिहीतच नसू. आमच्याकडे हत्यार बिघडले की आम्ही सिस्टरवर ओरडतो, दुसरे मागतो, आणि संध्याकाळी विसरून जातो. ज्याने ते तयार केले त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. मग ते सुधारणार कसे?

म्हणून माझे आमच्याच लोकांना चार गोष्टींचे सांगणे आहे.

१. प्रत्येक ओटीत हत्यारांची तक्रारवही ठेवा. कुठला पंच ओढतो, कुठली मूठ अडते, कुठले टोक वाकले, हे त्याच दिवशी लिहा.

२. बोथट हत्यार बाद करण्याचा अधिकार स्क्रब सिस्टरना द्या. त्यांनी बाजूला काढले की सर्जनने ‘‘चालवून घ्या’’ म्हणायचे नाही. आमच्याकडे आता हाच नियम आहे.

३. हत्यार विकत घेताना ते धुणाऱ्या माणसाला आणि लहान हाताच्या सर्जनला आधी वापरून बघू द्या.

४. एखाद्या हत्याराच्या विक्रीतून डॉक्टरला पैसे मिळत असतील तर ते पेशंटला कळले पाहिजे. हत्यार तयार करणाऱ्या डॉक्टरला मोबदला मिळणे गैर नाही, लपवणे गैर आहे. कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेले पैसे जाहीर करण्याचा कायदा अमेरिकेत २०१० मध्ये झाला.

‘‘एवढा खर्च कुठून करायचा?’’ असा प्रश्न लहान दवाखाने चालवणारे माझे मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण पंच वेळेवर बदलण्याचा किंवा धार लावून घेण्याचा खर्च एका मोठ्या मशीनच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे. आणि तो वाचवला तर त्याची किंमत दुसरेच कुणीतरी मोजते. आमच्या बाबतीत ती मावशींच्या मुलीने बुडालेल्या रोजाने मोजली.

पेशंटने काय विचारावे?

ऑपरेशन ठरले असेल तर मशीनच्या नावाऐवजी हे प्रश्न विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

- मला ऑपरेशनची गरज नेमकी कशासाठी आहे? थांबलो तर काय होईल?
- माझ्यासारखी ऑपरेशने तुम्ही नियमित करता का?
- तुम्ही सुचवलेल्या पद्धतीचा मला कोणता फायदा आहे? साध्या पद्धतीने केले तर काय फरक पडेल?
- कोणत्या गुंतागुंती होऊ शकतात, आणि झाल्या तर तुम्ही काय कराल?
- खर्चात इम्प्लांट आणि खास हत्यारांचे किती धरले आहेत? ते मला खरोखर लागणार आहेत का?
- ऑपरेशनमध्ये काही वेगळे घडले तर मला सांगाल ना?

मात्र लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, बसायच्या जागी बधिरपणा येणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, यापैकी काही झाले तर प्रश्नांची यादी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे उशीर करून चालत नाही.

मावशी अजूनही वर्षातून एकदा येतात. येताना शेतातले काहीतरी घेऊन येतात. मागच्या वेळी पिशवी माझ्या हातात न देता थेट सिस्टरना दिली. मला बरे वाटले, कारण त्या पिशवीवर खरा हक्क त्यांचाच होता.